पक्की पकड : लक्ष्मणराव किर्लोस्कर

सोलापूर शहरात यंत्रमागांचे सुटे भाग दुरुस्त करणारी लहानमोठी वर्कशॉप आहेत. कुंभारीहून अक्कलकोट रस्त्याने शहरात गेल्यावर तुमच्यापैकी काहींनी ती पाहिली असतील. दारातून आत डोकावले की लेथ दिसतो. उर्दूत आपण त्याला खराद म्हणतो. लेथच्या एका टोकाला लोखंडाची जाड, गोल तबकडी असते. तिला चक म्हणतात. चकला तीन जबडे असतात. चावी फिरवली की तिन्ही जबडे एकदम आत सरकतात आणि सळई बरोबर मधोमध धरतात. मग सळई फिरते आणि समोर घट्ट बसवलेले हत्यार तिला कापत जाते. वेड्यावाकड्या वस्तूसाठी चार जबड्यांचा चक असतो. त्याचा प्रत्येक जबडा वेगळा सरकतो.

पूर्वी कारागीर हे कापण्याचे हत्यार हातात धरत असत. हात थोडा हलला की माप चुके. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले या कारागिराने हत्यार धरणारी सरकती लोखंडी पकड उत्तम प्रकारे तयार केली. त्यानंतर एकसारख्या मापाचे भाग बनवणे सोपे झाले. आपल्याकडे ही विद्या शेतकऱ्याच्या नांगरापर्यंत नेणारे गृहस्थ म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे पंडित होते. मुलाचे मन मात्र पोथीत रमत नसे. त्याला चित्रे काढायला आणि यंत्रे उघडून पाहायला आवडे. थोरले भाऊ रामुअण्णा यांनी त्याला आधार दिला. १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईला गेले आणि जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकू लागले. तेथे एक विचित्र अडचण उभी राहिली. काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही, हे उघड झाले. चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता असेल?

रंग गेले, पण रेषा राहिली. त्यांनी यंत्रांची चित्रे काढण्याची कला शिकून घेतली. अशा चित्रात रंगाचे काम नसते. भोक कोठे पाडायचे, किती रुंद पाडायचे, कडेपासून किती अंतरावर, हे सारे रेषांनी आणि आकड्यांनी दाखवायचे असते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. तेथे यंत्रांशी त्यांची चांगली ओळख झाली. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. घरसंसार असलेल्या माणसाने पगार सोडणे तेव्हाही सोपे नव्हते.

बेळगावात दोघा भावांचे सायकलींचे दुकान १८८८ पासून होते. आता लक्ष्मणरावांनी तेथे लहानसा कारखाना घातला. आधी जनावरांसाठी कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगर.

नांगर तयार झाले, पण कोणी घेईना. लोखंडामुळे जमिनीत विष उतरते आणि ती नापीक होते, असे शेतकऱ्यांना वाटे. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. ही गोष्ट सांगताना बरेच लोक शेतकऱ्याच्या भोळेपणाला हसतात. मला ते पटत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार करी. फाळ लोखंडी कड्याने आणि पाचरीने घट्ट बसवत. तो सैल झाला तर सुतार तेथेच पाचर ठोकून देई. लोखंडी नांगराचा फाळ मात्र बोल्टांनी बसवलेला. ऐन हंगामात तो झिजला किंवा मोडला तर काय करायचे? गावात कोण दुरुस्त करणार? विषाची भीती खोटी होती, पण ही काळजी खरी होती.

तिचे उत्तर कारखान्यातच शोधावे लागते. समजा, अक्कलकोटच्या एका शेतकऱ्याने तीन वर्षांपूर्वी नांगर घेतला. आज त्याने नवा फाळ मागवला. फाळाची भोके जुन्या नांगराच्या भोकांवर तंतोतंत बसली पाहिजेत. गहू-दोन गहू फरक पडला तरी बोल्ट आत जाणार नाही. एक फाळ कोणीही मापून करील. शेकडो फाळ एकसारखे करायचे तर प्रत्येक फाळ त्याच जागी, त्याच पद्धतीने धरावा लागतो. त्यासाठी जिग नावाचा साचा असतो. त्यात वस्तू अडकवतात. साच्याला वरून पोलादाच्या कठीण नळ्या बसवलेल्या असतात. ड्रिल त्या नळीतूनच खाली उतरते, त्यामुळे ते इकडेतिकडे सरकत नाही. ज्या कामगाराला आकडे वाचता येत नाहीत, त्याच्या हातूनही भोक योग्य जागी पडते.

ड्रिल धरण्याच्याही रीती आहेत. बारीक ड्रिल लहान चकमध्ये आवळतात. जाड ड्रिलची मागची बाजू निमुळती असते. ती यंत्राच्या निमुळत्या भोकात दाबली की घासूनच घट्ट बसते. काढताना बाजूच्या खाचेतून लोखंडी पाचर ठोकावी लागते. सुताराची पाचर येथेही आलीच! खालची पट्टी व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळतात. आळस करून ती हाताने धरली, तर ड्रिल आरपार निघता निघता पट्टीला पकडते आणि पंख्यासारखी फिरवते. माझा एक जुना विद्यार्थी असेच काम करत होता. त्याच्या अंगठ्यावरचा व्रण अजून दिसतो.

बेळगावचे काम कोठे जम धरू लागले, तोच नवे संकट आले. शहर वाढवण्यासाठी नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. यंत्रे कोठे न्यावीत? तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. ते स्वतः चित्रकार होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान आणि सापांची वस्ती. १९१० मध्ये लक्ष्मणराव आपली माणसे घेऊन तेथे राहायला गेले. सोबत पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे होती. रान तोडून आधी कारखाना आणि घरे उभी केली. हीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात आहे आणि रेल्वे स्टेशनालाही तेच नाव आहे.

शंभूराव जांभेकर यांच्यासारखे जिवाला जीव देणारे सहकारी लक्ष्मणरावांना लाभले. १९२० मध्ये कंपनीची नोंदणी झाली. नांगरांबरोबर उसाचे चरक आणि पाण्याचे पंपही वाडीत तयार होऊ लागले. मुलगा शंतनुराव अमेरिकेत शिकून १९२६ मध्ये परतला आणि कारखान्यात काम करू लागला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी यंत्रे मिळेनाशी झाली. नांगर करायला लेथ लागतो, पण लेथ कोण करणार? १९४१ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे किर्लोस्करांचा लेथ तयार करणारा कारखाना निघाला. यंत्रे करणारी यंत्रे आता आपल्या देशात होऊ लागली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या यंत्रांचा कारखाना सुरू झाला. हे सारे पाहून २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले.

सोलापुरात होटगी रस्त्यावर किर्लोस्करांचा लोखंड ओतण्याचा कारखाना आहे. हरिहरचा कारखाना मात्र बंद पडला. तरी तेथे बनलेले ‘एंटरप्राइझ’ आणि ‘टर्नमास्टर’ लेथ जुन्या वर्कशॉपमध्ये अजून दिसतात. कधी संधी मिळाली तर असा लेथ चालू होताना नीट पाहा. उस्ताद सळई चकमध्ये आवळतो. लगेच बटण दाबत नाही. चकमध्ये चावी विसरली आणि यंत्र फिरले, तर ती गोळीसारखी उडते. म्हणून तो आधी चावी काढतो, खुंटीला अडकवतो आणि मग यंत्र सुरू करतो.