खाशाबांचं ब्रॉंझ आणि पारावरचा जुना वाद

कुठल्याही गावची जत्रा घ्या. संध्याकाळी कुस्त्यांचा फड उठला, की रात्री पारावर दुसरी कुस्ती लागते. गामा मोठा की खंचनाळे? आंदळकर की मारुती माने? मातीतला पैलवान भारी की गादीवरचा? तावातावानं नावं घेतली जातात, आवाज चढतात, चहाच्या फेऱ्या होतात आणि निकाल काही लागत नाही.

या वादात कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव यांचं नाव जरा वेगळ्या तऱ्हेनं निघतं. मान सगळेच देतात, पण मागून एक 'पण' चिकटतोच. ऑलिंपिक पदक आणलं, पण ब्रॉंझ आणलं. जिंकले, पण हलक्या वजनात जिंकले. खेळले, पण गादीवर खेळले. त्यांची बाजू घेणारे मग दुसऱ्या टोकाला जातात. अन्याय झाला नसता तर सुवर्णच होतं, असं छातीठोक सांगतात. या सगळ्यात खाशाबांची कुस्ती नेमकी कशी होती, हे सांगायचंच राहून जातं.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. घरातच कुस्ती असल्यामुळं मातीची ओळख चालायला लागल्यापासूनची. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झालं. 1942 च्या चळवळीत त्यांनी भूमिगतांना मदत केली. पुढं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले आणि कुस्ती खऱ्या अर्थानं तिथंच फुलली. गोविंद पुरंदरे हे त्यांचे मार्गदर्शक.

पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धिप्पाड गडी येतो. खाशाबा तसे नव्हते. अंगानं लहान, पायानं चपळ. पुढं त्यांना पॉकेट डायनॅमो हे नाव पडलं ते यामुळंच. समोरच्याची मान धरून त्याला जमिनीवर आणणारी ढाक हा त्यांचा हुकमी डाव. जोर आणि वजन यापेक्षा वेग आणि वेळ साधणं यावर त्यांची सगळी भिस्त होती. आपल्याकडच्या फडात शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती वजनदार गड्यांचीच असते, आणि लहान अंगाच्या पैलवानाची कुस्ती लोक जागा मिळेपर्यंत बघतात. हलक्या वजनातला हा 'पण' खरं तर तिथून आलेला आहे. त्याचा कौशल्याशी संबंध नाही. हलक्या गटात समोरचाही तेवढाच हलका आणि तेवढाच चपळ असतो. वजन टाकून दाबायची सोय तिथं कुणालाच नसते.

1948 साली खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले, 52 किलो गटात. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. अडचण होती ती गादीची. आंतरराष्ट्रीय नियमांनी गादीवर कुस्ती करण्याचा सराव त्यांना नव्हताच म्हटलं तरी चालेल.

मातीवाल्यांना गादी म्हणजे सोपं काम वाटतं. तसं नाही. मातीत पाय रुततो, आधार मिळतो, खडाखडी करायला, समोरच्याला दमवायला वेळ असतो आणि पाठ लागल्याशिवाय हार नसते. गादीवर पाय लगेच सरकतो, घड्याळ चालू असतं आणि पाठ न लागताही पंचांच्या निकालावर माणूस हरतो. लांबपर्यंत डाव राखून ठेवायची सवय असलेला मातीतला पैलवान इथं हमखास फसतो. लंडनमध्ये अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी खाशाबांची चपळाई हेरली आणि त्यांना तयार केलं. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला त्यांनी हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढं मात्र हार झाली. एकूण सहावा नंबर आला. गादीची जवळजवळ ओळखच नसलेल्या माणसाचा हा सहावा नंबर. पारावरच्या तुलनेत तो कधी मोजला जात नाही, खरं तर मोजायला हवा.

लंडनहून परतल्यावर चार वर्षं त्यांनी गादीचा अभ्यास केला आणि वजनगटही बदलला. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी ते 57 किलोत उतरले. म्हणजे आधीपेक्षा पाच किलो जड गड्यांशी गाठ.

निवडीतच पहिला अडसर आला. मद्रासच्या स्पर्धेत ते एका गुणानं मागं राहिले. तो गुण मुद्दाम कापला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी दाद मागितली ती पतियाळाच्या महाराजांकडं. पुन्हा चाचणी झाली आणि या वेळी खाशाबांनी कुस्ती गुणांवर ठेवलीच नाही, समोरच्याला पाडलं. मग प्रश्न पैशाचा. सरकारकडून वेळेवर मदत मिळाली नाही. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. गोळेश्वर आणि आसपासच्या गावांनी वर्गणी काढली. ही हकिकत शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे, आणि असायलाच पाहिजे. तोटा एवढाच की गरिबीची गोष्ट सांगून होईपर्यंत ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात आणि गादीवर काय घडलं ते कुणी विचारत नाही.

गादीवर घडलं ते असं. कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला हरवलं, मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला हरवलं, जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झविरुद्ध तीन पंचांपैकी दोघांचा कौल मिळवून पुढं गेले. शेवटी उरले तिघं. खाशाबा, जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत रशियाचा रशीद मामेदबेकोव. इशीविरुद्धची कुस्ती दमवणारी झाली, खाशाबा हरले. त्यानंतर लगेच मामेदबेकोवशी खेळायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला भारताचा अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेले खाशाबा तीही कुस्ती हरले. दिवस 23 जुलै 1952. पदक ब्रॉंझ.

आता सुवर्णाचा वाद. गावात हे बोललेलं आवडणार नाही, पण सुवर्ण हिरावलं हे म्हणणं टिकत नाही. इशीविरुद्धची हार विश्रांतीच्या भानगडीच्या आधीची आहे आणि ती सरळ आहे. इशी काही ऐरागैरा नव्हता. जपानला त्या ऑलिंपिकमध्ये मिळालेलं एकुलतं एक सुवर्ण त्याचंच. अर्ध्या तासाचा दम मिळाला असता तर मामेदबेकोवची कुस्ती वेगळी गेली असती आणि रौप्य आलं असतं, असं म्हणायला पुरेपूर जागा आहे. त्यापुढं जायचं म्हणजे इशीच्या हक्काचं त्याच्याकडून काढून घेण्यासारखं आहे. खाशाबांना मोठं करायला त्याची गरजही नाही.

ते ब्रॉंझ आजच्या ब्रॉंझशी लावून बघितलं की फरक कळतो. 2008 च्या बीजिंगपासून कुस्तीच्या प्रत्येक वजनगटात दोन ब्रॉंझ देतात. शिवाय पहिल्याच फेरीत हरलेल्याला, हरवणारा अंतिम फेरीत पोचला तर, परत खेळायची संधी मिळते. सुशील कुमारनं 2008 चं ब्रॉंझ याच वाटेनं मिळवलं. त्यात कमीपणा काही नाही, त्याला त्या दिवशी एकामागून एक कुस्त्या जिंकाव्याच लागल्या, आणि 2012 ला त्यानं रौप्यही आणलं. पण 1952 ला ब्रॉंझ एकच होतं आणि ती परत यायची वाट नव्हती. हरलं की वाईट गुण चढायचे, ते ठरलेल्या आकड्यावर गेले की माणूस स्पर्धेबाहेर. त्यामुळं नुसतं रौप्य वर, ब्रॉंझ खाली, असा हिशेब दोन काळांना लागत नाही. या दोघांत मोठं कोण, हे पदकाच्या रंगावरून ठरवणारा माणूस धान्य लिटरमध्ये मोजतोय असं समजावं.

आणि ब्रॉंझ किती थोडक्यात मिळतं किंवा जातं, हे बघायला लांब जायला नको. त्याच हेलसिंकीत दुसरा मराठी मल्ल, केशव माणगावे, 62 किलोत चौथा आला. एका पायरीचा फरक. एकाचं नाव पुस्तकात गेलं, दुसऱ्याचं नाव आज तालमीतल्या पोरांनाही सांगावं लागतं. पारावरच्या यादीत माणगाव्यांचं नाव नसतं, ही त्या यादीचीच चूक.

मातीतल्या मोठ्या नावांशी खाशाबांची तुलना करायची तर तीही जपून करावी. श्रीपती खंचनाळे 1959 चे पहिले हिंदकेसरी. गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले, 1964 ला टोकियो ऑलिंपिकला गेले. ही माणसं वजनानं, मातीनं, प्रेक्षकांनी वेगळ्या दुनियेतली. आंदळकरांना 57 किलोत खेळवता येत नाही आणि खाशाबांना हिंदकेसरीच्या आखाड्यात उतरवता येत नाही. एकच गोष्ट या सगळ्यांत तपासता येते. अनोळखी नियमांत टाकल्यावर कोण किती लवकर शिकला? तिथं खाशाबांच्या जवळ फार कमी लोक येतात.

पहिलं पदक कुणाचं, हाही एक वाद अधूनमधून निघतो. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डनं धावण्यात दोन रौप्यपदकं मिळवली. ऑलिंपिक समिती ती भारताच्या खात्यात धरते, मैदानी खेळांची जागतिक संघटना ब्रिटनच्या. म्हणून खाशाबांच्या नावापुढं स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक असं नीट लिहावं. प्रिचर्डला पुसायची गरज नाही.

पदकाच्या दुसऱ्याच दिवशी, 24 जुलैला, भारतानं हॉकीचं सुवर्ण जिंकलं. बलबीरसिंगांनी अंतिम सामन्यात पाच गोल केले. देशाच्या कौतुकाचा ओघ तिकडं वळला, तो वळणारच होता. कराडकरांनी मात्र आपलं काम केलं. शंभराहून जास्त बैलगाड्या जुंपून खाशाबांची मिरवणूक गोळेश्वरला नेली. मिरवणुका आटोपल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः खेळले आणि त्या पैशातून खर्डेकरांचं कर्ज फेडलं.

1955 ला ते मुंबई पोलिसांत सब इन्स्पेक्टर म्हणून लागले. 1956 चं मेलबर्न ऑलिंपिक गुडघ्याच्या दुखापतीनं हुकलं. तिथं ते गेले असते तर काय झालं असतं, यावर पाराच्या दोन रात्री सहज निघतील. पोलिसांत 27 वर्षं काढली, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, पेन्शनसाठी मात्र झगडावं लागलं. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांच्या मशाल दौडीत त्यांना बोलावलं होतं. हयातीत मोठा सरकारी सन्मान म्हणावा असा तेवढाच. 14 ऑगस्ट 1984 ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार आला तो मृत्यूनंतर 16-17 वर्षांनी. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीतलं कुस्तीचं स्टेडियम त्यांच्या नावानं होतं.

देशाला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला 1996 उजाडलं, लिअँडर पेसचं टेनिसमधलं. कुस्तीत 2008 पर्यंत थांबावं लागलं. आणि मराठी माणसाला 2024 पर्यंत, म्हणजे तब्बल 72 वर्षं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमध्ये नेमबाजीत पदक घेतलं. तेही ब्रॉंझच. त्या संध्याकाळी कोल्हापुरात फटाके फुटले आणि ब्रॉंझपुढं 'पण' लावायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.