धान्यानंतरचा प्रश्न

दरवर्षी १ जुलैला महाराष्ट्रात कृषिदिन साजरा होतो, वसंतराव नाईकांच्या प्रतिमेला हार घातले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून शेतीचा विषय पुन्हा पावसावर सोडून दिला जातो. नाईकांचे चरित्र मात्र हारांपेक्षा अधिक काही मागणारे आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली या लहानशा गावी १ जुलै १९१३ रोजी एका बंजारा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तांड्यावरच्या मुलाने शिकावे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले, १९४० मध्ये ते वकील झाले आणि अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली त्यांनी वकिलीचे धडे घेतले. १९४१ मध्ये वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. दोन्ही समाजांचा रोष पत्करण्याची तयारी त्यात होती. पुढे पुसदच्या नगराध्यक्षपदापासून त्यांच्या सार्वजनिक जीवनास सुरुवात झाली आणि १९५२ मध्ये ते जुन्या मध्यप्रदेशाच्या विधानसभेत गेले. द्वैभाषिक मुंबई राज्यात ते कृषिमंत्री होते. ५ डिसेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे आले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत ते राहिले. त्याहून दीर्घ कारकीर्द या राज्यात अद्याप कोणालाही लाभलेली नाही.

तो काळ धान्यटंचाईचा होता. १९६५ च्या सुमारास परदेशी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याची पाळी देशावर आली असता, राज्य धान्यात स्वयंपूर्ण करण्याचे जाहीर आव्हान नाईकांनी स्वीकारले. संकरित ज्वारीचे बियाणे, खते, विहिरी आणि बंधारे यांचा त्यांनी ध्यास घेतला. राहुरी, अकोला, दापोली व परभणी येथील चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात, म्हणजे त्यांच्याच राजवटीत उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात तर सर्व कमाईची कसोटी लागली. त्या संकटात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीस राज्यव्यापी रूप मिळाले. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. भुकेल्या माणसाला भीक न देता काम द्यावयाचे हा विचार त्यामागे होता.

तथापि चरित्राचे मोल केवळ यशाच्या यादीने ठरत नाही. धान्याचा प्रश्न सुटत गेला, पण शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा प्रश्न तसाच राहिला आणि त्याची सर्वांत कठोर साक्ष नाईकांच्याच जिल्ह्याने दिली. कोरडवाहू कापूस हेच यवतमाळचे मुख्य नगदी पीक राहिले. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, पुढे ती मोडकळीस आली आणि शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा अशी दुःखद ओळख या भूमीस चिकटली. एका पिकावर, एका पावसावर आणि एका भावावर सारा संसार टांगलेला असला म्हणजे असेच होते.

फळे आणि भाजीपाला हा या कोंडीतून निघण्याचा एक मार्ग आहे. हा प्रश्न एकट्या यवतमाळचाही नाही. माणसाने रोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरीब देशांतील बहुसंख्यांच्या ताटात तेवढे पडत नाही. संशोधनाचा ओघही प्रथम धान्याकडे वळला. फिलिपाइन्समधील भात संशोधन संस्था १९६० ची, तर भाजीपाल्यासाठीची तैवानमधील जागतिक संस्था १९७१ ची. आपल्याकडेही क्रम तोच होता. नाईकांचे निधन १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे झाले. रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना १९९० मध्ये, म्हणजे त्यानंतर ११ वर्षांनी आली. शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर खड्डे खणावेत, झाडे लावावीत आणि त्याची मजुरी शासनाने द्यावी, ही त्या योजनेची युक्ती होती. आंबा वा संत्रा फळावर येईपर्यंतची वर्षे अल्पभूधारकाने कशावर काढावीत, या खऱ्या अडचणीवर तिने बोट ठेवले आणि म्हणूनच ती फळली. दुष्काळातील खडी फोडण्याच्या कामापासून फळबागेपर्यंत एकच विचार असा वाढत गेला.

परंतु झाड लावून काम संपत नाही. ज्वारी पोत्यात थांबते. टोमॅटो आणि मेथी थांबत नाहीत. भाव पडला की तोडणीची मजुरीही निघत नाही आणि माल रस्त्याच्या कडेला ओतावा लागतो. शीतगृह, प्रक्रिया उद्योग, जवळची बाजारपेठ आणि उन्हाळ्यात पुरेल एवढे पाणी ही साखळी जोडली नाही, तर भाजीपाला कापसाइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक जुगाराचा ठरेल.

बियाणे, पाणी, संशोधन आणि बाजार एकाच वेळी हलविले पाहिजेत, हा नाईकांच्या कारकिर्दीचा धडा आहे. धान्यासाठी राज्यकर्त्याने आपली प्रतिष्ठा पणाला लावली होती. फळे व भाजीपाल्यासाठी, आणि त्यांवर जगू पाहणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी, तशी प्रतिज्ञा करणारा राज्यकर्ता अजून पुढे यावयाचा आहे.