कापड व्यापाऱ्याने पाहिलेले सूक्ष्मविश्व

हॉलंडमधील डेल्फ्ट येथे १६३२ मध्ये जन्मलेले अँटनी व्हॅन लेव्हेनहूक हे व्यवसायाने कापड व्यापारी. विद्यापीठीय शिक्षण नाही, लॅटिनही अवगत नाही. स्वतः बनविलेल्या इवल्याशा भिंगांतून त्यांनी पाण्याच्या थेंबातील जीव पाहिले आणि १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे कळविले. तेथील विद्वानांना ते खरे वाटेना. अखेर १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी स्वतः ते जीव पाहून दुजोरा दिला. १६८० मध्ये सोसायटीने लेव्हेनहूक यांना सदस्यत्व बहाल केले. १६८३ मध्ये त्यांनी दातांवर साचलेल्या मळातील जिवाणूंचे वर्णन केले. थेंबातील आदिजीवांच्या पेशीत केंद्रक असते, जिवाणूंच्या पेशीत ते नसते. हा मूलभूत भेद विसाव्या शतकात स्पष्ट झाला. दोन्ही प्रकारच्या पेशी पाहूनही तो भेद ज्ञात होण्यापूर्वीच, १७२३ मध्ये लेव्हेनहूक निवर्तले.