मीराबेनच्या मातीच्या भिंती

परवा शहापूरजवळच्या एका पाड्यावर आमच्या बचत गटाची मीटिंग होती. समोर नवं पक्कं घर, पण सगळ्याजणी बसल्या मागच्या जुन्या कुडाच्या पडवीत. कारवीचा कूड, वर शेणामातीचं लिंपण, आत छान गारवा. नव्या घराचा पत्रा नुसता तापला होता. घरातली म्हातारी आजीसुद्धा पडवीतच असते, नव्या घराच्या उंच पायऱ्या तिला चढवत नाहीत. मला एकदम मीराबेन आठवल्या.

मैत्रिणींनो, गांधीजींच्या शिष्या म्हणून त्या आपल्याला माहीत आहेत. पण त्यांनी घरं बांधली हे कुठे ठाऊक असतं? मूळच्या त्या मॅडेलिन स्लेड. जन्म १८९२ चा, इंग्लंडमधला. वडील आरमारात मोठे अधिकारी. रोमाँ रोलाँ यांच्याकडून गांधीजींविषयी कळलं आणि १९२५ मध्ये बाई थेट साबरमतीला आल्या.

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. तेच आजचं सेवाग्राम. घराला शंभर रुपयांवर खर्च नको आणि सामान, मजूर सगळं जवळपासचंच हवं, ही त्यांची अट. मीराबेननी ते काम अंगावर घेतलं. माती, बांबू, लाकूड, कौलं! त्या पहिल्या घरात, आदि निवासात, गांधीजी, कार्यकर्ते, पाहुणे सगळे एकत्रच राहायचे. मीराबेनची स्वतःची झोपडी तर पुढे बापू कुटी झाली. तिच्या भिंतीवर त्यांनी मातीनेच उठावात काढलेली ताडाची झाडं आणि चरखा मी पाहिलाय. शेजारी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींचीही कुटी आहे. ज्यांना तेव्हा कुणी दारात उभं करत नसे, त्यांना आश्रमात हक्काचं घर मिळालं.

पुढे १९४२ ला गांधीजींबरोबर आगाखान पॅलेसमध्ये कैद, मग हिमालयाच्या पायथ्याशी गोसेवा. १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला. १९८२ मध्ये ऑस्ट्रियात वारल्या.

मुरबाडकडच्या आमच्या एका गटातल्या बाईचं घरकुल सध्या जोत्यापर्यंत आलंय. सासूसाठी पायऱ्यांशेजारी उतार ठेवायला तिने गवंड्याला सांगितलंय. मागे कुडाची पडवीही तिला हवी आहे. पण लोक हसतील म्हणून नवरा अडून बसलाय. त्याला मीराबेनची गोष्ट सांगायला येत्या रविवारी मी जाणार आहे.