पाणी तोलणारा आलिम : अबू रैहान अल-बिरूनी

न्हावा शेवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कंटेनर येतात. १९८९ साली हे बंदर सुरू झालं, तेव्हापासून उरण-पनवेलच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगा लागलेल्या आपण पाहतो. पण या बंदरात एक दुसराही माल उतरतो, तो रस्त्यावरून जाताना फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. खाद्यतेल, केमिकल, पेट्रोलियम. जहाजातून पाइपाने निघतो आणि किनाऱ्यावरच्या मोठमोठ्या टाक्यांत जातो. आपल्यातली बरीच पोरं बीएस्सी किंवा केमिकलचा डिप्लोमा करून या टाक्यांच्या लॅबमध्ये लागतात. त्यांचं रोजचं एक काम म्हणजे द्रवाची घनता मोजणं.

काम छोटं वाटतं, पण सगळा व्यवहार त्याच्यावर उभा असतो. टाकीत माल किती आहे हे मोजलं जातं उंचीवरून, म्हणजे घनमीटरमध्ये. बिल आणि कस्टम ड्यूटी मात्र बहुतेक वेळा टनावर. घनमीटरचे टन करायचे तर मध्ये घनता लागते. समजा टाकीत ५,००० घनमीटर तेल आहे. घनता ०.९१० धरली तर ४,५५० टन, आणि ०.९११ धरली तर ४,५५५ टन. तिसऱ्या दशांश स्थळावर एक अंक चुकला तर पाच टन तेल कागदावर इकडचं तिकडे होतं. आणि ते कुणाच्या तरी खिशातून जातं.

म्हणून लॅबमध्ये एकावर विसंबत नाहीत. सगळ्यात साधा तो हायड्रोमीटर, खाली वजन आणि वर पट्टी असलेली काचेची नळी. द्रवात सोडला की तरंगतो, जिथपर्यंत बुडतो तो आकडा वाचायचा. आपल्याकडे दूध डेअरीवरचा लॅक्टोमीटर हा त्याचाच भाऊ. दुसरी घनतेची बाटली. रिकामी तोलायची, पाण्याने भरून तोलायची, मग द्रवाने भरून तोलायची. वेळ खाते, पण हात स्वच्छ असेल तर उत्तर पक्कं देते. तिसरं म्हणजे आताचं डिजिटल यंत्र. त्यात यू आकाराच्या बारीक काचेच्या नळीत नमुना भरतात आणि नळीला कंप देतात. द्रव जितका जड, तितका कंप संथ. तिन्हींच्या शेजारी थर्मामीटर असतोच, कारण तेल तापलं की फुगतं आणि घनता उतरते. पेट्रोल-डिझेलचा आकडा म्हणूनच १५ अंश सेल्सिअसला आणून लिहितात.

यातल्या त्या दुसऱ्या बाटलीचा एक पणजोबा आहे. तो तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या जमान्यात, एक हजार वर्षांपूर्वी, जयहून नदीच्या काठी गुरगंज शहरात बसून पाणी तोलत होता. त्याची ही हकीकत.

अबू रैहान मुहम्मद बिन अहमद अल-बिरूनी ३६२ हिजरीत, म्हणजे सप्टेंबर ९७३ मध्ये, ख्वारिज्मच्या काथ गावी जन्मला. आजच्या उझबेकिस्तानात ही जागा येते आणि तिथल्या शहराला आता त्याचंच नाव दिलेलं आहे. ‘बिरूनी’ म्हणजे बाहेरचा, वेशीबाहेरच्या वस्तीतला. मोठ्या घराण्याचं नाव मागे नव्हतं. पण नशीब असं की राजघराण्यातला गणिती अबू नस्र मन्सूर याने या मुलाला हाताशी धरलं. सतराव्या वर्षी त्याने दुपारच्या सूर्याची उंची मोजून काथचे अक्षांश काढले होते. आपल्याकडे त्या वयात मुलं बारावीच्या क्लासच्या चकरा मारत असतात, तुलना करायची म्हणून नव्हे, सहज सांगितलं.

९९५ मध्ये ख्वारिज्ममध्ये सत्तेची लढाई झाली. ज्यांच्या आश्रयाला तो होता ते घराणं संपलं आणि बावीस वर्षांच्या बिरूनीला गाव सोडून पळावं लागलं. रय शहरात त्याचे दिवस तंगीत गेले. तिथला एक श्रीमंत ज्योतिषी त्याच्या विद्येची टिंगल करायचा, आणि पुढे बिरूनीची परिस्थिती सुधारली तेव्हा तोच माणूस गोड बोलू लागला, हे बिरूनीने नंतर लिहून ठेवलं. राग न धरता लिहिलं, पण विसरला मात्र नाही.

९९७ च्या मे महिन्यात चंद्रग्रहण होतं. बिरूनीने काथमधून ते पाहिलं आणि बगदादमध्ये बसलेल्या अबुल वफाने तिकडून. आधीच ठरवून. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागतं, घड्याळं मात्र प्रत्येक गावची वेगळी. दोन्हीकडच्या वेळांतला फरक काढला की दोन शहरांमधलं रेखांशाचं अंतर मिळतं. फोन नाही, तार नाही, आणि दोन माणसं शेकडो मैलांवरून मिळून एक मोजमाप करतात! मला बिरूनीच्या मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा ही गोष्ट जास्त भावते.

पुढे तो गुरगान येथे काबूसच्या दरबारी गेला. तिथे इ.स. १००० च्या सुमारास त्याने ‘आसारुल बाकिया’ लिहिला. वेगवेगळ्या कौमांच्या कालगणना, सण आणि पंचांगं यांवरचा हा ग्रंथ. काही वर्षांनी ख्वारिज्मला परतला, मामून शाहच्या दरबारी मान मिळाला. इब्न सीनाशी त्याचा सवाल-जवाबाचा पत्रव्यवहार झाला, आणि त्यातले त्याचे प्रश्न बरेच बोचरे आहेत.

याच गुरगंजच्या वास्तव्यात त्याने ते भांडं बनवलं.

प्रश्न जुनाच होता. सोन्यात चांदी मिसळली की नाही, हिरा खरा की काच, हे न फोडता कसं ओळखायचं? वस्तू पाण्यात बुडवली की तिच्या आकाराएवढं पाणी बाहेर सरतं, हे आर्किमिडीजपासून माहीत होतं. अडचण वेगळीच होती. खडा एवढासा, पाणी सरणार थेंबभर, ते मोजायचं कसं? रुंद भांड्यात पाण्याची पातळी हलल्याचंही कळत नाही. बिरूनीने शंकूच्या आकाराचं भांडं केलं, खाली पसरट आणि वर निमुळत्या गळ्याचं. गळा अरुंद, म्हणून थोडंसं पाणी वाढलं तरी लगेच वर चढतं. गळ्याच्या बाजूला एक नळी, खाली वाकलेली, आणि नळीच्या तोंडाखाली तराजूचं पारडं. भांडं नळीच्या काठापर्यंत भरायचं, वस्तू आत सोडायची, आणि जेवढं पाणी पारड्यात पडेल तेवढं तोलायचं.

वाचायला सोपं आहे. करायला घेतलं तेव्हा पाणी नळीतच चिकटून राहायला लागलं. ज्याने लॅबमध्ये पिपेटच्या टोकाला लटकलेला शेवटचा थेंब पाहिला आहे, त्याला हे दुखणं कळेल. बिरूनीने नळीची घडणच बदलली आणि पुन्हा पुन्हा तोलून पाहिलं. पाणी कुठलं वापरलं, कोणत्या मोसमात वापरलं, हेही त्याने नोंदवलं. जयहूनचं पाणी, गुरगंजजवळचं, शरद ऋतूच्या सुरुवातीचं. कारण गरम पाणी आणि थंड पाणी, गोडं पाणी आणि खारं पाणी एका वजनाचं नसतं हे त्याला ठाऊक होतं. आज न्हावा शेव्याच्या लॅबमध्ये रजिस्टरवर नमुन्याचं ठिकाण, तारीख आणि तापमान लिहितात, तीच ही गोष्ट.

आकडे पाहा. त्या काळी एक मिस्काल म्हणजे सहा दानिक आणि एक दानिक म्हणजे चार तस्सूज. १०० मिस्काल सोन्याने पाणी सारलं ५ मिस्काल, १ दानिक, २ तस्सूज, म्हणजे सव्वापाच मिस्काल. १०० भागिले ५.२५, उत्तर १९.०५. आज आपण १९.३ म्हणतो. पाऱ्याने सारलं ७ मिस्काल, २ दानिक, १ तस्सूज. तुम्हीच भागाकार करून पाहा, १३.५६ येतं. आजचं पुस्तक १३.६ सांगतं. मुलांना वहीत हे गणित करायला द्या, विज्ञानाच्या तासाला दहा मिनिटांत होतं.

हे आकडे आपल्यापर्यंत नीट पोचले ते अल-खाजिनीमुळे. हा रूमी गुलाम मुलगा मर्व शहरात खजिनदाराच्या घरी वाढला, शिकला आणि ११२१ च्या सुमारास त्याने ‘मीज़ानुल हिकमा’ हा ग्रंथ लिहिला, म्हणजे हिकमतीचा तराजू. त्यात बिरूनीची मापं आहेतच, शिवाय द्रवांचा तक्ता आहे. गोड्या पाण्याला १ धरून ऑलिव्ह तेल ०.९२०, तिळाचं तेल ०.९१५, समुद्राचं पाणी १.०४१, मध १.४०६, गरम पाणी ०.९५८. ऑलिव्ह तेलाचा आकडा आजही जवळपास तोच आहे. गाईचं दूध मात्र १.११० दिलंय, ते जास्त आहे, खरं १.०३ च्या आसपास. मोठ्या माणसाचा आकडा म्हणून तो झाकायचं कारण नाही. द्रव मोजायला खाजिनीने तरंगणारी नळी सांगितली आहे, पितळेची, खाली कथलाचं वजन भरलेली, अंगावर खुणा असलेली. ती त्याने ग्रीक विद्वान पॅपसच्या नावावर दिली, स्वतःच्या नाही. हाच आपला हायड्रोमीटर.

खाजिनीच्या आधी असफिजारी नावाच्या आलिमाने सुलतानाच्या खजिन्यासाठी असाच तराजू बनवला होता. भेसळ लगेच पकडणारा. खजिनदार घाबरला आणि त्याने तो तराजू मोडून टाकला. त्या दुःखाने असफिजारी गेला असं सांगतात. अचूक माप कुणाला नको असतं, हे यावरून कळतं. पेट्रोल पंपावर रोजची घनता फलकावर लिहिलेली असते आणि ग्राहकाने मागितलं तर हायड्रोमीटरने मोजून दाखवावी लागते. कितीजण मागतात?

बिरूनीकडे परत येऊ. १०१७ मध्ये महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकलं आणि तिथल्या विद्वानांना गझनीला नेलं. त्यात बिरूनीही होता. कैदी म्हणून की पाहुणा म्हणून, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मनाविरुद्ध गेला एवढं खरं. चव्वेचाळीसच्या आसपास वय, गाव दुसऱ्यांदा सुटलेलं.

या सक्तीच्या मुक्कामात त्याने हिंदुस्तान पाहिला, मुख्यतः पंजाबचा भाग. नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावर चढून क्षितिज किती खाली झुकतं ते मोजलं आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. उत्तर आजच्या आकड्याच्या बरंच जवळ जातं, जरी त्याच्या मैलाची लांबी नेमकी किती यावर वाद आहे. संस्कृत शिकला, पंडितांसमोर विद्यार्थी होऊन बसला. पतंजलीचा योग अरबीत नेला, आणि युक्लिडला संस्कृत श्लोकांत आणण्याचा खटाटोपही केला. १०३० च्या सुमारास ‘किताबुल हिंद’ पुरी झाली. हिंदू लोक काय मानतात ते त्यांच्याच ग्रंथांतून मांडायचं, आपली भर घालायची नाही, अशी त्याची रीत. आणि महमूदच्या दरबाराच्या छायेत राहून त्याने हेही लिहिलं की या स्वाऱ्यांनी मुलखाची भरभराट उद्ध्वस्त केली आणि इथली विद्या दूर निघून गेली. ज्याच्या हाती आपली मान आहे त्याच्याबद्दलही माप बदलायचं नाही. आज आपल्याकडे गझनवीच्या नावावरून भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक बिरूनी वाचत नाहीत, ही मोठी खंत आहे.

त्या ग्रंथात आपलं कोकणही आहे. समुद्रकाठचं कोकण आणि त्याची राजधानी ताना, म्हणजे आपलं ठाणं. तो स्वतः इथे आला नाही, ऐकीव माहितीवर लिहिलं. पण ठाण्याच्या खाडीचं पाणी उतरून जिथे मुंबईच्या बंदरात येतं, तिथेच समोरच्या काठावर आज न्हावा शेवा आहे.

महमूदनंतर मसऊद आला. त्याच्या नावाने बिरूनीने खगोलशास्त्राचा ‘अल-कानून अल-मसऊदी’ लिहिला. सुलतानाने इनाम म्हणून हत्तीवर लादून चांदी पाठवली आणि याने ती परत केली, अशी गोष्ट सांगतात. म्हातारपणी रत्नांवर ग्रंथ लिहिला, त्यात जुनी मापं पुन्हा कामाला आली. शेवटचं काम औषधांवरचं ‘सैदना’. त्याची एकूण लिखाणं सुमारे दीडशे. बहुतेक हरवली.

गझनीतच, १०४८ च्या सुमारास, काहींच्या मते त्यानंतर दोनेक वर्षांनी, तो वारला. अखेरच्या घटकेला एक फकीह भेटायला आला होता. श्वास घशाशी आलेला. बिरूनीने त्याला विचारलं की मीरासमध्ये आईकडच्या आज्यांच्या वाट्याचा हिशेब तुम्ही एकदा सांगितला होता, तो कसा? फकीहला कीव आली, या अवस्थेत कशाला? बिरूनीचं म्हणणं पडलं की हा मसला माहीत नसताना दुनिया सोडण्यापेक्षा माहीत करून घेऊन जाणं बरं. मग फकीहने तो पुन्हा समजावला, बिरूनीने पाठ करून म्हणून दाखवला. फकीह निघाला आणि अजून रस्त्यातच होता, तोच मागे घरातून रडण्याचा आवाज आला.