विश्लेषण : डॉक्टरांनी निकामी ठरवलेला हात ४२ व्या वर्षी मेजर लीगमध्ये, सॅचेल पेज कोण होता आणि ‘लाँग टॉस’च्या वादात त्याची आठवण का?

अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलांच्या पालकांना एक प्रश्न हमखास पडतो. मुलाने लाँग टॉस करावा का? लांबवर चेंडू फेकल्यानेच हात कणखर होतो, असे काही प्रशिक्षक मानतात. कोवळ्या कोपरावर एवढा ताण देऊच नये, असे काहींचे म्हणणे. या वादाला कित्येक वर्षे झाली. त्याच्याही कितीतरी आधी एका पिचरचा हात पूर्ण निकामी झाला होता आणि पुन्हा चालू लागला होता. त्याचे नाव लिरॉय रॉबर्ट पेज, जगासाठी सॅचेल पेज.

लाँग टॉस म्हणजे नेमके काय?

दोन खेळाडू साधारण ४५ फुटांवर उभे राहून सावकाश फेकाफेकी सुरू करतात. खांदा मोकळा झाला की एक जण मागे सरकतो. मग ६०, ९०, १२० फूट असे अंतर वाढत जाते, चेंडू उंच कमान घेऊ लागतो. शेवटी तसेच टप्प्याटप्प्याने जवळ यायचे. दुखापतीतून परतणाऱ्यांसाठीही याच धर्तीचा तक्ता असतो. अंतर ठरलेले, थ्रो मोजून, मध्ये विश्रांतीचा दिवस, आणि दुखले तर एक पायरी मागे.

मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पिचर ते होम प्लेट हे अंतर ६० फूट ६ इंच असते, म्हणजे क्रिकेटच्या २२ यार्डांच्या खेळपट्टीपेक्षा साडेपाच फूट कमी. फरक कोपराचा आहे. क्रिकेटमध्ये ठरलेल्या मर्यादेपलीकडे कोपर सरळ केले तर गोलंदाजी अवैध ठरते. बेसबॉलमध्ये वेगाचा मोठा भाग तिथूनच येतो. त्यामुळे प्रत्येक पिचला कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर जबरदस्त टॉर्क येतो. मुलांमध्ये तर तिथले हाड अजून वाढत असते.

दगड फेकणारा मुलगा

पेजचा जन्म ७ जुलै १९०६ चा, अलाबामा राज्यातील मोबाईल शहरातला. वडील माळीकाम करत, आई लोकांचे कपडे धुऊन संसार चालवी. घरात १२ मुले. लहान वयातच तो रेल्वे स्टेशनवर प्रवाशांच्या बॅगा उचलू लागला. एका काठीला अनेक बॅगा अडकवून नेण्याची शक्कल त्याने काढली आणि त्यावरूनच सॅचेल हे नाव पडले, असे सांगतात. हाताचा नेम पक्का झाला तो मात्र दगडांवर. गल्लीतल्या टोळ्यांच्या मारामाऱ्यांत दगड हेच हत्यार होते.

१२ व्या वर्षी शाळा बुडवणे आणि दुकानातून किरकोळ वस्तू चोरणे यासाठी त्याची रवानगी माउंट मेग्ज येथील कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली. तिथे त्याची सुमारे साडेपाच वर्षे गेली. शिक्षा म्हणून मिळालेल्या या जागेत त्याला पहिला खरा प्रशिक्षक भेटला, एडवर्ड बर्ड. पुढचा पाय आकाशाला लावल्यासारखा उंच उचलायचा आणि मग सगळे शरीर चेंडूमागे लोटायचे, हे त्याने शिकवले. फलंदाजाचे गुडघे पाहून त्याच्या मनातले ओळखायलाही शिकवले. हात एकटा चेंडू फेकत नाही, पाय, कंबर आणि खांदा मिळून फेकतात, हे आजचे प्रशिक्षक व्हिडीओ थांबवून थांबवून समजावतात. बर्डने ते मोकळ्या मैदानावर समजावले.

हात कशाने गेला?

१९२६ मध्ये पेज चॅटनूगाच्या संघातून व्यावसायिक खेळू लागला. पुढच्या वर्षी तो बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडे आणि नंतर पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सकडे गेला. मेजर लीगची दारे तेव्हा कृष्णवर्णीयांना बंद होती. त्यांच्या निग्रो लीगमध्ये कमाई बेभरवशाची होती. पेजच्या नावावर तिकिटे खपत, त्यामुळे तो जिथे पैसे मिळतील तिथे फेकत असे. उन्हाळ्यात लीग, मधल्या दिवसांत गावोगावचे प्रदर्शनी सामने, हिवाळ्यात कॅलिफोर्निया किंवा कॅरिबियन बेटे. १९३७ मध्ये तर तो डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या नावाच्या संघासाठी खेळला. हाताला सुटी अशी नव्हतीच.

१९३८ मध्ये मेक्सिकोत खेळताना खांद्यात असह्य वेदना सुरू झाल्या. हात वर उचलणेही कठीण झाले. पुन्हा पिचिंग जमणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. वय ३२. ना विमा, ना करार, ना दुसरा व्यवसाय. ज्या संघमालकांसाठी त्याने स्टेडियम भरवली होती, त्यांच्यापैकी कोणालाही तो आता नको होता.

वर्षभर अखंड फेकण्याची किंमत आज आकड्यांत मोजता येते. पेज जिथे सुरुवातीला चमकला त्या बर्मिंगहॅममध्येच आता अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या संशोधकांनी शस्त्रक्रिया करावी लागलेल्या किशोर पिचर्सची तुलना दुखापत नसलेल्यांशी केली. २००६ च्या या अभ्यासात वर्षातून ८ महिन्यांहून अधिक पिचिंग करणाऱ्यांना धोका ५ पट आढळला, तर थकल्यावरही नियमितपणे फेकत राहणाऱ्यांना ३६ पट.

हात परत कसा आला?

कॅन्सस सिटी मोनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन यांनी त्याला करारबद्ध केले, पण मुख्य संघात घेतले नाही. दुय्यम संघ काढून त्याला पेजचे नाव दिले आणि लहान गावांत फिरवले. लोक नाव पाहायला येत. पेज कधी पहिल्या बेसवर उभा राही, कधी एखाद-दोन डाव हळू चेंडू टाकून प्रेक्षकांचे समाधान करी. मोनार्क्सचा ट्रेनर फ्रँक फ्लॉइड गरम आणि थंड पाण्याचा शेक आणि मालिश करत राहिला. पुढे आयुष्यभर पेज हातावर कढत पाणी घेत असे.

काही महिन्यांनी, १९३९ मध्ये, वेदना ओसरल्या आणि वेग परतला. याला आजच्या अर्थाने लाँग टॉस म्हणता येणार नाही, कारण मोजलेली अंतरे आणि ठरलेले थ्रो त्यात नव्हते. पण कमी जोराने सुरुवात आणि घाई न करणे हा तक्त्याचा गाभा त्यात होता. ही मुभा विल्किन्सनच्या धंद्याच्या हिशोबातून मिळाली, वैद्यकशास्त्रातून नाही. तेवढीही बहुतेक कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वाट्याला येत नसे.

पेज बदलूनही परतला होता. पूर्वी तो निव्वळ वेगावर जगत होता. आता वळणारे चेंडू, वेगवेगळ्या गती आणि हात मध्येच थबकवून टाकलेला चेंडू अशी हत्यारे आली. १९४२ च्या निग्रो वर्ल्ड सिरीजमध्ये मोनार्क्सने होमस्टेड ग्रेजला ४-० असे हरवले, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.

४२ व्या वर्षी ‘नवखा’

१९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने मेजर लीगची भिंत ओलांडली. पहिला मान आपल्याला मिळाला नाही, ही बोच पेजला कायम राहिली. ७ जुलै १९४८ रोजी, नेमक्या ४२ व्या वाढदिवशी, क्लीव्हलँडने त्याला करारबद्ध केले आणि दोन दिवसांनी तो मैदानात उतरला. हा जाहिरातीचा स्टंट असल्याची टीका झाली. त्या अर्ध्या हंगामात त्याने ६ सामने जिंकले, १ गमावला. २० ऑगस्टला क्लीव्हलँडमध्ये त्याला पाहायला ७८ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. क्लीव्हलँडने वर्ल्ड सिरीजही जिंकली आणि तिच्यात पिचिंग करणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. (२०२० मध्ये निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा मिळाला. त्या हिशोबाने त्याचे पदार्पण दोन दशके मागे जाते!)

२५ सप्टेंबर १९६५ रोजी, ५९ व्या वर्षी, कॅन्सस सिटी अॅथलेटिक्सकडून त्याने बोस्टनविरुद्ध ३ डाव टाकले. धाव एकही नाही, हिट एकच, तीही कार्ल यास्ट्रझेम्स्कीची. योगायोग असा की बरोबर ९ वर्षांनी, २५ सप्टेंबर १९७४ रोजी, डॉ. फ्रँक जोब यांनी पिचर टॉमी जॉनच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवला. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि शाळकरी मुलांवरही होते.

मग मुलांनी काय करावे?

बर्मिंगहॅमच्याच संस्थेने २०११ मध्ये कॉलेजच्या पिचर्सचे थ्रो कॅमेऱ्यांनी मोजले. ठरावीक अंतरावर सरळ रेषेत केलेले थ्रो पिचिंगच्या बरेच जवळचे निघाले. जमेल तितक्या लांब फेकताना मात्र शरीराची ढब बदलली आणि खांदा-कोपरावरचा टॉर्क पिचिंगपेक्षाही वाढला. म्हणजे लाँग टॉस सरसकट वाईट नाही, पण कोणाचा चेंडू सर्वात लांब जातो ही मुलांमधली चढाओढ धोक्याची. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या ‘पिच स्मार्ट’ सूचनांनुसार ९-१० वर्षांच्या मुलांनी दिवसाला ७५, ११-१२ वर्षांच्यांनी ८५ आणि १३-१४ वर्षांच्यांनी ९५ हून अधिक पिच टाकू नयेत. वर्षातून किमान ४ महिने तर पिचिंग बंदच ठेवायचे. पोटासाठी बारमाही फेकणाऱ्या पेजला ही चैन परवडणारी नव्हती. आज अनेक घरांत ती परवडते, तरी मुले एका संघातून दुसऱ्या संघात वर्षभर खेळतात.

पेन्शनसाठी पेजचे मेजर लीगमधले दिवस कमी पडत होते. १९६८ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला संघात घेऊन ते भरून दिले. १९७१ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. आधी निग्रो लीगच्या खेळाडूंचा विभाग वेगळा ठेवण्याचा विचार होता, टीका झाल्यावर तो सोडावा लागला. जून १९८२ मध्ये कॅन्सस सिटीत त्याच्या नावाच्या मैदानाच्या कार्यक्रमाला तो व्हीलचेअरवरून आला. त्यानंतर तीनच दिवसांनी, ८ जूनला, त्याचे निधन झाले.