विश्लेषण : ऑक्सफर्डची परीक्षा, लंडनच्या फर्ममध्ये उमेदवारी, तरीही सनद नाही... कॉर्नेलिया सोराबजी कोण होत्या?

लॉ फर्ममध्ये ट्रेनी किंवा पॅरालीगल म्हणून अर्ज करणाऱ्याला आज साधारण तीन गोष्टी विचारल्या जातात : शिक्षण कुठे झाले, गुण किती आणि आधी कुठे काम केले आहे. नाशिकमध्ये जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या एका तरुणीकडे १८९३ मध्ये या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होती. तरीही वकिलीची सनद हाती पडायला तिला आणखी २८ वर्षे लागली. अडले होते ते कायद्यातल्या एका शब्दावर.

सुरुवात कुठून झाली?

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकचा. वडील सोराबजी खरसेदजी हे पारशी घरातून ख्रिस्ती झालेले मिशनरी. आई फ्रान्सिना यांना एका इंग्रज दाम्पत्याने दत्तक घेऊन वाढवले होते. त्यांनी पुण्यात मुलामुलींसाठी शाळा काढल्या. कॉर्नेलियांचे बालपण आधी बेळगावात आणि मग पुण्यात गेले.

डेक्कन कॉलेजातून पदवी घेताना त्या पहिल्या आल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. अशा गुणांवर इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती त्यांना नाकारण्यात आली, कारण ती पुरुष विद्यार्थ्यांसाठी होती. मग अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवायला घेतले. समोर बसलेले विद्यार्थी सगळे मुलगे.

ऑक्सफर्डला जाण्याचे पैसे कुणी दिले?

नॅशनल इंडियन असोसिएशनकडे त्यांनी १८८८ मध्ये मदत मागितली. लेडी मेरी हॉबहाउस यांनी हे प्रकरण हाती घेतले आणि लंडनमध्ये वर्गणी सुरू झाली. देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या, सर विल्यम वेडरबर्न होते. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या.

तिथे बेंजामिन जॉवेट हे बेलिअल कॉलेजचे प्रमुख त्यांच्या पाठीशी उभे राहिले. बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ या परीक्षेला तोवर एकही स्त्री बसलेली नव्हती आणि परीक्षकाने स्त्रीची परीक्षा घ्यायला नकार दिला. शेवटी विद्यापीठाने खास ठराव करून परवानगी दिली. १८९२ मध्ये त्या परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. वर्ग मिळाला तिसरा. हा तपशील अनेक गौरवलेखांतून गळून पडतो, पण तो गाळण्याचे कारण नाही. पदवी मात्र हातात आलीच नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. तो नियम १९२० मध्ये बदलला.

सॉलिसिटरच्या कार्यालयात काय शिकता येई?

इंग्लंडमध्ये वकिलीच्या दोन वाटा. बॅरिस्टर न्यायालयात युक्तिवाद करतो. सॉलिसिटर अशिलाशी बोलतो, कागद तपासतो, खरेदीखते, मृत्युपत्रे, करार यांचे मसुदे करतो. सॉलिसिटर व्हायचे तर पुस्तकांइतकीच उमेदवारी महत्त्वाची. एखाद्या फर्मशी लेखी करार करून ठरावीक वर्षे तिथे काम करायचे. असे काम करणारा तो आर्टिकल्ड क्लार्क. मुंबईत ही पद्धत आजही टिकून आहे. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा द्यायची तर तीन वर्षांची आर्टिकलशिप करावी लागते.

कॉर्नेलियांना लंडनमधील लिंकन्स इन फील्ड्स भागातल्या ली अँड पेंबर्टन या सॉलिसिटर फर्मने कामाची संधी दिली. १८९२-९३ मध्ये त्या तिथे शिकल्या. पण शिकायला मिळणे वेगळे आणि त्या शिक्षणाचा हक्क मिळणे वेगळे. पुरुष उमेदवाराची वर्षे सनदेच्या हिशेबात धरली जात. त्यांची धरली जाण्याची शक्यताच नव्हती. आजच्या भाषेत सांगायचे तर ट्रेनीचे काम, पण पुढे कायम होण्याची सोय नाही.

‘व्यक्ती’ या शब्दाचा घोळ काय होता?

मराठीत ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. इंग्रजी कायद्यातल्या ‘पर्सन’चे तसे नव्हते. कोणत्या पात्रतेच्या व्यक्तीला सनद द्यायची हे कायदे सांगत. ती व्यक्ती पुरुषच असावी असे कुठेही लिहिलेले नव्हते. पण न्यायालये प्रथेवर बोट ठेवून त्या शब्दाचा अर्थ पुरुष असाच लावत.

गंमत अशी, की याच शब्दाने कॉर्नेलियांना एकदा दार उघडून दिले. भारतातील फौजदारी प्रक्रिया संहितेत, न्यायालयाच्या परवानगीने नेमलेली अन्य ‘व्यक्ती’ही आरोपीची बाजू मांडू शकेल अशी तरतूद होती. तिचा आधार घेऊन १८९६ मध्ये पुण्यात त्या खुनाच्या खटल्यात बचावासाठी उभ्या राहिल्या. ब्रिटिश न्यायालयात बाजू मांडणाऱ्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. अर्थात ही परवानगी त्या खटल्यापुरती होती.

मग त्यांनी देशी परीक्षांची वाट धरली. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएलबीची परीक्षा, १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची प्लीडरची परीक्षा. अलाहाबादला भाऊ रिचर्ड बॅरिस्टर होते. परीक्षा उत्तीर्ण होऊनही न्यायालयाने त्यांचे नाव पटावर घेतले नाही. अट पूर्ण केली की अडचण दुसरीकडे सरकत होती.

हा अनुभव त्यांच्या एकटीचा नव्हता. इंग्लंडमध्ये ग्विनेथ बेब यांनी १९१३ मध्ये लॉ सोसायटीविरुद्ध दावा लावला आणि हरल्या. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज फेटाळला. पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांच्या वाट्याला १९२१ मध्ये तेच आले.

सनदेविना वीस वर्षे कोणते काम केले?

काठियावाड आणि इंदूरकडच्या संस्थानांत पडद्यातील स्त्रियांच्या वतीने ब्रिटिश एजंटांपुढे निवेदने करण्याची खास मुभा त्यांना मिळाली होती. तिथेच मोठे काम त्यांच्या लक्षात आले. जहागिरी आणि जमीनदारी घराण्यांतील विधवांच्या नावावर मोठी इस्टेट असे, पण परपुरुषासमोर येण्याची बंदी असल्याने त्या वकिलाला भेटू शकत नसत. कारभारी कागद आत पाठवी, आतून अंगठा उमटून येई. कागदावर काय लिहिले आहे हे त्या बाईला कुणी वाचून दाखवले की नाही, हे तपासणारे कुणी नव्हते. वारसाहक्काचे वाद, दत्तकाचे वाद, पोटगी, अल्पवयीन मुलांचे शिक्षण, सगळे त्या कारभाऱ्याच्या मर्जीवर.

पडद्याआड जाऊ शकेल अशी कायदा जाणणारी स्त्री सरकारने नेमावी, यासाठी १९०२ पासून त्यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसकडे पाठपुरावा केला. म्हणजे असलेल्या जागेसाठी अर्ज न करता, जागाच निर्माण करा असा अर्ज. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये ‘लेडी असिस्टंट’ म्हणून नेमणूक झाली. पदाच्या नावात वकील हा शब्द नाही. कामाची हद्द लवकरच बंगालबरोबर बिहार, ओरिसा आणि आसामपर्यंत पसरली.

प्रवास रेल्वेने, होडीने, पालखीतून. वाड्यात पोहोचल्यावर आधी बाईंचा विश्वास मिळवायचा, मग जुनी कागदपत्रे बाहेर काढायची, हिशेब पाहायचे, कुटुंबातील भांडण न्यायालयात जाण्याआधी मिटते का ते बघायचे आणि सरकारला अहवाल लिहायचा. सुमारे २० वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया आणि अनाथ मुलांना त्यांनी मदत केली असे मानले जाते. काही प्रकरणांत फी घेतलीच नाही. १९०९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. पदक देणाऱ्या राजवटीच्या न्यायालयांत त्यांना वकील म्हणून उभे राहता येत नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

अखेर सनद कशी मिळाली?

ब्रिटनने १९१९ च्या कायद्याने स्त्रियांवरील व्यवसायबंदी उठवली. १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलिया सोराबजींची वकील म्हणून नोंद केली. पाठोपाठ १९२३ मध्ये भारतात लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) ॲक्ट आला आणि केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून सनद नाकारता येणार नाही हे स्पष्ट झाले. त्याच वर्षी लंडनच्या लिंकन्स इनने त्यांना बॅरिस्टर केले. मुंबई उच्च न्यायालयातील पहिल्या महिला वकील ठरलेल्या मिठन टाटा (पुढे लाम) याही त्याच वर्षी, त्याच लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या. मिठन पंचविशीच्या आसपास होत्या, कॉर्नेलिया ५६ वर्षांच्या.

कलकत्ता उच्च न्यायालयात १९२४ पासून त्यांनी वकिली सुरू केली. पण युक्तिवादाची कामे त्यांच्याकडे फारशी आलीच नाहीत. प्रकरणाचे कागद वाचून कायदेशीर मत लिहून देण्याची कामे तेवढी मिळत राहिली. न्यायालयात उभे राहायचे ते दुसऱ्याच कुणीतरी.

नाव मागे का पडले?

यात त्यांच्या राजकीय मतांचाही वाटा आहे. त्या ब्रिटिश राजवटीच्या बाजूच्या होत्या आणि गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. कॅथरीन मेयो यांच्या १९२७ च्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकावरून देशभर संताप उसळला असताना त्यांनी मेयोंची पाठराखण केली. स्त्रियांच्या संघटनांतील अनेक जुने सहकारी दुरावले. १९२९ मध्ये काम थांबवून त्या लंडनला राहायला गेल्या. हिवाळ्यात भारतात येत. ‘इंडिया कॉलिंग’ हे आत्मकथन १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. ६ जुलै १९५४ रोजी, ८७ व्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

लिंकन्स इनमध्ये २०१२ मध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. ज्या सॉलिसिटर फर्ममध्ये त्यांनी उमेदवारी केली, ती तिथल्याच लिंकन्स इन फील्ड्स या चौकात होती.